खेड्यात राहून फ्रीलान्स लिखाण, एम.ए. आणि ओव्यांचं पुस्तक : कसं जमवलं, काय काय लागलं

ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की घर, वावर, क्लायंटची कामं हे सगळं असताना इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) एम.ए. कसं झालं आणि त्यातच पुस्तक कसं निघालं. प्रत्येकीला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे फॉर्म भरताना किंवा असाइनमेंट लिहिताना कोणाचं अडलं तर उघडून बघता येईल. लांबलचक झालंय, पण कागदपत्रांचे बारकावे मी मुद्दामच ठेवलेत, कारण मला तेच कोणी सांगितलं नव्हतं.

मी अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वेच्या जवळच्या एका खेड्यात राहते. बी.ए. मराठी घेऊन केलं, मग लग्न, मग लेकरं, आणि लेकरं शाळेत जायला लागल्यावर इंग्रजीतून मराठी भाषांतराची कामं घ्यायला लागले. बियाण्या-खताची माहितीपत्रकं, आरोग्याच्या पुस्तिका, कधी व्हिडिओची सबटायटल्स, कधी एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल. शब्दाला सत्तर पैशांपासून सव्वा रुपयापर्यंत मिळतात, कामाप्रमाणे. घरी कोरडवाहू आणि थोडं ओलिताचं वावर आहे, पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. याशिवाय माझ्या दोन आवडी, एक म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेणं आणि दुसरी महिला भजन मंडळात खंजिरी वाजवणं.

आता खरी अडचण काय होती ते सांगते. क्लायंटच्या कामाला तारीख असते, सोमवारी सकाळी दहापर्यंत फाइल पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि ती देण्यासाठी आपण रात्री दोनपर्यंत जागतो. पण ओव्यांच्या वहीला तारीख नव्हती, वाचायच्या पुस्तकांना तारीख नव्हती, इंग्रजी नीट शिकायचं होतं त्याला तर नव्हतीच. फ्रीलान्सरचं काम कधी संपत नाही, एक फाइल गेली की दुसरी येते, त्यामुळे "मोकळा वेळ मिळाला की करू" असं म्हटलेलं काहीच होत नाही. मी बघितलं की मला वेळापेक्षा तारखेची गरज जास्त आहे, कोणीतरी बाहेरून ठरवलेली, न टाळता येणारी तारीख. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात ठरवलं की स्वतःच्या शिकण्यालाही अशी तारीख लावून घ्यायची.

इग्नू निवडायचं कारण सरळ होतं. एम.ए. इंग्रजीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट नाही, किमान २ वर्षांत आणि जास्तीत जास्त ४ वर्षांत पूर्ण करता येतं, म्हणजे एखाद्या वर्षी वावरानं किंवा घरच्या आजारपणानं अडवलं तरी सगळं वाया जात नाही. विदर्भासाठी प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे आणि अभ्यास केंद्र मला अमरावतीचं मिळालं. प्रवेश दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै, मी जुलै २०२२ चं सत्र घेतलं.

फॉर्म ऑनलाइन समर्थ पोर्टलवर भरायचा. फोटो आणि सही १०० केबीच्या आत, बाकी कागदपत्रं २०० केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला मार्कशीटचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो त्यामुळे तो लहान करावा लागतो, आणि लहान करताना अक्षरं वाचता आली पाहिजेत. गावात नेटवर्क संध्याकाळी बरं असतं, म्हणून सगळी कागदपत्रं दिवसा तयार करून एका फोल्डरमध्ये नावं देऊन ठेवली आणि फॉर्म रात्री बसून भरला.

सगळ्यात जास्त विचार नावाचा करावा लागला. माझी दहावी, बारावी, बी.ए. सगळं माहेरच्या नावावर, आधार आणि पॅन सासरच्या नावावर. आपल्याकडे बहुतेक बायांचं असंच असतं. यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते खेड्यात ग्रामपंचायतीतूनच निघतं, ग्रामसेवक हाच तिथला विवाह निबंधक असतो, हे कित्येक जणींना माहीत नसतं आणि त्या उगाच तालुक्याला चकरा मारतात. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, दोघांचे आधार, वयाचे दाखले, तीन साक्षीदार, फोटो एवढं लागलं. मी हे काम आधी उरकून घेतलं आणि मग फॉर्मला बसले. तुमचं अजून झालं नसेल तर शिकायचं असो नसो, ते एवढं आधी करून ठेवा, बँकेत, पासपोर्टला, वारसाच्या कामाला, कधीही कामी येतं.

आता एक बदल झालाय तो लिहिते. २०२४ च्या जुलै सत्रापासून प्रवेशासाठी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, डिजिलॉकरमधून घ्यावा लागतो. तिथे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच येते. म्हणजे नावाचा प्रश्न आता आणखी आधी सुटलेला हवा.

फॉर्ममध्ये एक पर्याय येतो, छापील पुस्तकं पाहिजेत की डिजिटल. डिजिटल घेतलं तर फीमध्ये १५ टक्के सूट मिळते. मी डिजिटल घेतलं, तसंही सगळं साहित्य इग्नूच्या इ-ज्ञानकोश या साइटवर कोणालाही फुकट वाचता येतं, प्रवेश नसला तरी. (हे खरंच कोणीतरी मोठ्याने सांगायला पाहिजे. ज्यांना परीक्षा द्यायची नाही, नुसतं शिकायचं आहे, त्यांनी तिथे जाऊन बघा, इतिहासापासून शेतीपर्यंत सगळं आहे.) जे धडे पुन्हा पुन्हा लागणार तेवढ्यांच्या प्रिंट तालुक्याला काढून आणल्या.

पहिल्या वर्षाला चार विषय, ब्रिटिश कविता, नाटक, कादंबरी आणि भाषेचे पैलू. प्रत्येक ८ क्रेडिटचा. प्रवेश पक्का झाला तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर होती, मग दिवाळी, मग कापसाचा वेचा, आणि या काळात मी अभ्यासाला हातसुद्धा लावला नाही. हे मी ठरवूनच केलं. शेतीच्या घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाईला मोकळा तास मिळत नाही, आणि न मिळणाऱ्या तासाची वाट बघत बसलं की नुसता जीव जळतो. त्या महिन्यांत क्लायंटचं काम तेवढं घेतलं, तेही कमी.

अभ्यास सुरू झाला तो हरभऱ्याच्या ओलिताबरोबर. आमच्याकडे शेतीपंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात हे दहा-अकराला वावरात जायचे ते पहाटे यायचे, आणि तोवर घरात मला काही झोप यायची नाही, रात्री पाण्यावर माणूस गेलेला असला की बाई जागीच असते. तो जागरणाचा वेळ मी अभ्यासाला दिला. एक डोळा फोनवर, समोर चौदाव्या शतकातली इंग्रजी, चॉसरची कविता. सुरुवातीला एक पान समजायला अख्खी रात्र जायची. मग एकदा लक्षात आलं की आपल्या रिद्धपूरला महानुभावांनी तेराव्या शतकात जे मराठी गद्य लिहिलं ते बी.ए.ला वाचताना मला असंच झालं होतं, आधी एक अक्षर कळलं नव्हतं आणि मोठ्याने वाचल्यावर आजीच्या बोलण्यासारखं ऐकू यायला लागलं होतं. मग इंग्रजीही मोठ्याने वाचायला लागले. सासूबाई शेजारच्या खोलीतून ऐकायच्या, सकाळी विचारायच्या, "काल राती कोनाशी बोलत होती वं?" मग मी त्यांना यात्रेला निघालेल्या माणसांची गोष्ट सांगायची, कोण कसा होता, कोण काय बोलला, आणि त्यांना ती आवडायची, त्या म्हणायच्या आपल्या वारीतबी असेच सगळ्या जातीचे लोक राह्यतात. सासूबाईंना गोष्ट सांगता आली की तो धडा मला समजला, असं मी धरून चालले, आणि परीक्षेतही तेच कामी आलं.

असाइनमेंटचं नीट सांगते कारण इथेच पुष्कळ जण गळतात. प्रत्येक विषयाची एक असाइनमेंट असते, तिला ३० टक्के वजन आणि लेखी परीक्षेला ७० टक्के. दोन्हीत वेगवेगळे ४० टक्के पाहिजेत. असाइनमेंट दिलीच नाही तर परीक्षेत कितीही मार्क पडले तरी तो विषय पूर्ण होत नाही. जूनच्या परीक्षेसाठी ३१ मार्च ही तारीख धरून चाला, बऱ्याचदा मुदत वाढते पण वाढेल म्हणून बसू नका. हाताने लिहायची, ए-फोर कागदावर, पहिल्या पानावर नाव, नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, अभ्यास केंद्राचा कोड. केंद्रावर दिली की पावती घ्या आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, मार्क चढेपर्यंत. आणि देण्याआधी सगळ्या पानांचेही फोटो काढा.

मला स्वतःला हाताने लिहिणं फार जड गेलं. कित्येक वर्षं सगळं काम कीबोर्डवर, त्यामुळे दोन पानं लिहिली की अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागायचं. परीक्षेत तर सलग तीन तास लिहायचं असतं. जानेवारीपासून रोज संध्याकाळी प्रार्थनेहून आलं की एक पान हाताने लिहायचं ठरवलं, असाइनमेंट नसली तर ओव्यांच्या वहीतलं पान पुन्हा सुवाच्य उतरवायचं. त्यातून दोन्ही कामं झाली, हात बसला आणि वहीची चांगली प्रतही तयार होत गेली. ज्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर आहे त्यांनी परीक्षेच्या किमान चार महिने आधी हे सुरू करा.

मार्चमध्ये एक चांगली गोष्ट झाली, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. दिसायला लहान गोष्ट आहे, पण अमरावतीला जाऊन पेपर द्यायचे, पावत्या आणायच्या, झेरॉक्स काढायच्या, यात तिकिटाचा खर्च फीच्या जवळ जातो. माझ्यासारख्या कितीतरी जणींचं शिक्षण त्या अर्ध्या तिकिटानं सोपं केलंय हे मला मनापासून लिहावंसं वाटतं.

परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा, प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेत आपोआप नाव येत नाही. लेखी पेपरला २०० रुपये फी होती, चार विषयांचे ८०० रुपये. हॉल तिकीट साइटवरून काढायचं, सोबत ओळखपत्र. पेपर सकाळी १० ते १ किंवा दुपारी २ ते ५. जून २०२३ ला पाऊस लांबला होता, महिना अर्धा उलटला तरी अमरावतीत डोकं तापत होतं. सकाळच्या पेपरला पहिल्या गाडीने निघायची, ओला दुपट्टा, पाण्याच्या दोन बाटल्या, पर्समध्ये कांदा, आणि पेपर सुटल्यावर लगेच उन्हात न निघता कॉलेजच्या व्हरांड्यातच बसून शिदोरी खायची. माझ्या बाजूला एक निवृत्त मास्तर बसले होते, साठीच्या पुढचे, ते म्हणाले "आता कोणी प्रमोशन देणार नाही म्हणूनच मजेत वाचतो". पेपर संपल्यावर आम्ही दोघं प्रश्नांवर बोलत बसलो, कितीतरी वर्षांनी मी कोणाशी पुस्तकावर बोलत होते. गावात राहून याचीच फार भूक लागते.

परीक्षेच्या त्या दिवसांत क्लायंटना मी महिनाभर आधी कळवून टाकलं होतं की या तारखांना मी नाही. मनात धाकधूक होती की कामं जातील. एक काम गेलं. बाकीच्यांनी तारखा पुढे ढकलल्या, आणि एका जुन्या क्लायंटच्या मॅडमनी तर कुठला पेपर, कसा गेला म्हणून चौकशी केली. "घरी अडचण आहे" असं सांगितलं की लोक घासाघीस करतात, "परीक्षा आहे" म्हटलं की कोणी काही बोलत नाही, हा माझा अनुभव.

जुलै महिना कागदांचा. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी निकालाची वाट न बघता करायची असते, निकाल यायला ऑगस्ट उजाडतो आणि तोवर मुदत निघून जाऊ शकते. त्या वर्षी ३१ जुलैपर्यंत इन्कम टॅक्स रिटर्नही भरायचं होतं. फ्रीलान्सर मैत्रिणींसाठी हे जरा सविस्तर सांगते. कंपन्या आपलं बिल देताना बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापतात. आपलं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तर ते पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण रिटर्न भरलंच नाही तर ते तसेच राहतात. भरायच्या आधी फॉर्म २६एएस उघडून बघा, ज्यांनी ज्यांनी कापले त्यांनी ते आपल्या पॅनवर जमा केलेत का. माझ्या एका एजन्सीने बिलातून कापलेले पैसे २६एएसमध्ये दिसतच नव्हते आणि मूळ बिलाचे पैसेही दोन महिने उशिरा आले होते. मी फोन न करता लेखी मेल टाकला, बिलाची तारीख, रक्कम, कापलेली रक्कम एका खाली एक, आणि फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, मागितला. महिन्याभराने दुरुस्ती झाली. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं, ते राहिलं तर भरलेलं धरत नाहीत. ते रिफंडचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवले, पुस्तकासाठी.

दुसऱ्या वर्षी विषय निवडता येतात. मी त्यात समकालीन भारतीय साहित्य इंग्रजी अनुवादात हा पेपर घेतला, आणि माझ्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध आला. खताच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतानाही आपण कोणासाठी लिहितो, त्या माणसाच्या कानाला हे वाक्य कसं लागेल, हा विचार पक्का झाला. "फवारणी करण्यात यावी" असं मी आता लिहीत नाही, "फवारा" लिहिते, आणि क्लायंटने विचारलं तर कारण सांगू शकते.

दिवाळीच्या आधी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते, मोझरीला गुरुकुंजात सगळा जिल्हा लोटतो, आणि आमच्या मंडळाचा त्याआधी रोज सराव असतो. अभ्यास, काम, वेचा, सगळं असताना खंजिरी कशाला असं घरच्यांनीही विचारलं. मी ती सोडली नाही. दिवसभर शब्दांत राहणाऱ्या माणसाला अशी एखादी गोष्ट पाहिजेच जिथे शब्द डोक्यात नसतात, बोटं आणि ताल एवढंच असतं. शिवाय ज्या बाया भजनाला येतात त्यांच्याच सासवा, आज्या मला ओव्या सांगतात, त्यामुळे एक बंद केलं असतं तर दुसरंही आटलं असतं.

ओव्यांचं काम त्याच हिवाळ्यात खरं पुढे सरकलं. आधीच्या वह्यांमधल्या ओव्या तुटक होत्या, पहिला चरण आहे तर शेवट नाही. गावातल्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, त्यांना पुष्कळ येतात असं सगळे सांगायचे, पण समोर वही घेऊन बसलं की त्या गप्प व्हायच्या. एकदा वैतागून म्हणाल्या, "जातं नाई तं ओवी कशी येईन वं? बसून सांग म्हनलं तं काई आठोत नाई मले." मग जातं शोधलं. ते त्यांच्याच गोठ्यात पालथं पडलं होतं, वरच्या पाळीवर कोंबड्या बसायच्या, खुंटा तर कधीचाच गेला होता. त्यांच्या नातवानं बाभळीचा खुंटा तासून बसवला, जातं धुतलं, वाळवलं, आणि आजींनी सवयीने पदर खोचून एक पाय लांब केला, मूठभर ज्वारी टाकली. पहिले काही फेरे नुसते गेले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता सुरू केलं, आणि एकीला लागून दुसरी, माहेराची, भावाची, वेच्याची, मेलेल्या लेकराची. खुंटा ओढताना एक चरण आणि सोडताना दुसरा, श्वास त्या फेऱ्याला बांधलेला. नुसतं बसवून विचारलं तर का आठवत नव्हतं ते मला तिथे दिसलं. मध्येच त्या थांबल्या, हात जात्यावर तसाच, म्हणाल्या, "हे माही माय म्हने, मी इसरली होती."

रेकॉर्डिंगसाठी एक सांगते. फोन जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर सगळं झाकून टाकते. मी फोन गोधडीच्या घडीवर, आजींच्या खांद्यामागे ठेवायची. आणि नंतर तेच रेकॉर्डिंग त्यांना ऐकवून शब्द हळू सांगायला लावायची, कारण गाताना शब्द लांबतात, तुटतात. कोणाची ओवी आहे ते नाव, गाव, तारीख तिथेच लिहायचं, आणि नाव छापू का हे विचारायचं. दोघीजणींनी नाव नको म्हटलं, त्यांची नावं पुस्तकात नाहीत. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघावा, हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पातून जमलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो साठा आहे. गावागणिक, बाईगणिक कशी मांडणी करायची ते तिथून शिकता येतं.

दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंट, फॉर्म, सगळं पहिल्यासारखंच, फक्त आता वाट माहीत होती. २०२४ चे पेपर लोकसभेच्या निकालानंतर, जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सुरू झाले. ऑगस्टमध्ये निकाल लागला, पास झाले. गावातल्या वाचनालयातल्या दादांनी पेढे वाटले, त्यांच्याच टेबलावर मी दोन वर्षं दुपारी बसत होते. आमचं वाचनालय ड वर्गाचं आहे, एक खोली, दोन कपाटं, पण पंखा आहे आणि कोणी हाक मारत नाही. तुमच्या गावात असेल तर वापरा, अनुदान टिकायलाही वाचक लागतात.

निकाल लागल्यावर लगेच आयएसबीएनचं काम घेतलं, कारण आता पुन्हा तारीख नसलेले दिवस सुरू झाले असते. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा १३ अंकी क्रमांक. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, केंद्र सरकारची, आणि तो पूर्ण मोफत असतो. यासाठी दोन-तीन हजार मागणारे बरेच भेटतात, त्यांना देऊ नका. आयएसबीएन डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून खातं काढू शकतो. मला ओळखपत्र, कव्हरचा नमुना, आतल्या शीर्षकपानाचा नमुना आणि एक विनंतीपत्र लागलं. पत्रात पुस्तकाचं नाव, भाषा, विषय, अंदाजे पानं, कधी छापणार, आणि मी स्वतः प्रकाशित करतेय हे स्पष्ट लिहिलं. कव्हर आणि शीर्षकपानावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे, स्पेलिंगसकट. काही आठवड्यांनी क्रमांक आला.

छपाईत वेळ गेला तो फॉन्टमध्ये. माझं सगळं युनिकोडमध्ये टाइप केलेलं, आणि प्रेसवाल्यांचं काम जुन्या फॉन्टमध्ये. बदलून घेतलं की रफार इकडचा तिकडे जातो, आणि पऱ्हाटी, वऱ्हाड, कोऱ्या असल्या शब्दांतलं ऱ्ह, ऱ्या तुटतं. पहिल्या प्रुफात पऱ्हाटी कुठेच धड नव्हती. मी त्यांना सांगितलं की युनिकोडमध्येच लावा, त्यांच्याकडे ती सोय होती पण वापरत नव्हते. प्रेस ठरवताना हे आधीच विचारा आणि एक पान नमुना म्हणून लावून मागा. प्रूफ चालू असतानाच, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मी प्रूफ घेऊन आजींकडे गेले होते, त्यांना सांगितलं. त्यांना दर्जा वगैरे काही कळलं नाही, पण त्यांनी स्वतःचं नाव छापलेलं पान हातात घेऊन बराच वेळ ठेवलं आणि मग नातवाला म्हणाल्या, वाच.

९६ पानं, ३०० प्रती, एका प्रतीला साधारण सत्तर-पंच्याहत्तर रुपये खर्च आला. टीडीएसच्या रिफंडमधून आणि एका मोठ्या अहवालाच्या भाषांतरातून पैसे उभे राहिले, कोणाकडे मागावे लागले नाहीत. किंमत १२० ठेवली. ओव्या देणाऱ्या प्रत्येक बाईला प्रत, तीही आधी, विक्री नंतर.

पुस्तक छापल्यावर एक काम बहुतेक जण करतच नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रसिद्धीपासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एक-एक प्रत चार ग्रंथालयांना द्यायची असते, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालयं. स्वतः छापणारा लेखकही प्रकाशकच. मी चारही पाकिटं पोस्टाने पाठवली. माझ्या गावच्या बायांच्या ओव्या कोलकात्याच्या ग्रंथालयात नोंदल्या जाणार, याचा मला एम.ए.पेक्षा जास्त आनंद झाला. एक-एक प्रत अमरावती आणि नागपूरच्या ग्रंथालयांनाही दिली.

पदवीसाठी दीक्षांत समारंभाची नोंदणी वेगळी करावी लागते, फी भरून. समारंभ मार्च २०२५ ला झाला, मी गेले नाही, पदवी पोस्टाने येते हा पर्याय घेतला. पत्ता लिहिताना पिनकोडसोबत पोस्ट ऑफिसचं नाव लिहा, आमच्यासारख्या गावात पोस्ट शेजारच्या गावाला असतं.

आता पुढे स्वयमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, भाषाविज्ञानाचा कोर्स घ्यायचं चाललंय. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या) कोर्सला १००० रुपये लागतात. असाइनमेंटचे २५ मार्क, परीक्षेचे ७५, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. परीक्षेची तारीख फॉर्म भरायच्या आधीच जाहीर असते, त्यामुळे वेचा आणि पुण्यतिथी बघून सत्र निवडता येतं. कोणाला सोबत करायचं असेल तर कळवा, दोघी-तिघी असलो तर अमरावतीला एकाच गाडीने जाता येईल.